आधी पाणी, मग मासा

अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात नवखे गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारते: "हे सगळे एकत्र राहतील ना?" दुकानदार मान डोलावतो, पिशवीत पाणी भरतो आणि व्यवहार उरकतो. विचारणाऱ्याच्या मनात असते ती मारामारी. निऑन टेट्रा आणि मॉली यांची एका टाकीत कधीच मारामारी होत नाही, तरी त्यांतला एक हळूहळू खंगत जातो. एकाला मानवणारे पाणी दुसऱ्याला बाधते, एवढेच त्याचे कारण.

वनस्पती लावलेल्या टाकीत, म्हणजे प्लांटेड टँकमध्ये, हा प्रश्न आणखी नाजूक होतो. तळाशी घातलेली अ‍ॅक्वासॉइल पाण्यातले कार्बोनेट शोषून घेते, झाडांसाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पाणी आम्ल करतो. त्यात नळाचे पाणी मुळातच मृदू असेल तर टाकीचा कल आपोआप अ‍ॅमेझॉनच्या ओढ्याकडे किंवा बोर्निओच्या दलदलीकडे झुकतो. अशा टाकीत कोणते मासे सोडावेत याची तीन उत्तरे शौकिनांत चालू आहेत. पहिल्या पक्षाचे म्हणणे, एकाच नदीतले मासे घ्या, प्रश्न मिटला. दुसरा पक्ष म्हणतो, आजचे मासे फार्मवर वाढलेले असतात, कुठलेही पाणी त्यांना चालते. तिसरा पक्ष तक्त्यावर विसंबतो: हिरवी खूण असेल तर आणा, लाल असेल तर नको. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत.

पाण्याचे तीन आकडे

ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी, ते मृदू. त्याचे माप म्हणजे जीएच. हौशी मंडळी ते जर्मन अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण 17.8 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. चार अंशांखालचे पाणी अतिमृदू, चार ते आठ मृदू, आठ ते बारा मध्यम आणि त्यापुढे जड, अशी ढोबळ वाटणी केली जाते. केएच हा दुसरा आकडा पाण्यातल्या बायकार्बोनेटची शिल्लक सांगतो. ही शिल्लक आहे तोवर पीएच, म्हणजे सामू, जागेवर राहतो. ती संपली की सामू घसरतो.

आरओच्या कृपेने आपल्याकडे टीडीएस मीटर घरोघरी आला आहे आणि बरेच जण त्याच्यावरच टाकीचा हिशेब करतात. हा मीटर पाण्यातले सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. त्यात मीठ किती आणि कॅल्शियम किती, हे तो सांगत नाही. सोसायटीतल्या वॉटर सॉफ्टनरमुळेही अशीच फसगत होते. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. जीएच शून्याजवळ येतो, केएच तसाच राहतो आणि टीडीएस जवळपास हलत नाही. असे पाणी साबणाला उत्तम, टाकीला निरुपयोगी.

महाराष्ट्रात पाण्याची तऱ्हा गावागणिक बदलते. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी या जलाशयांतून येणारे पाणी म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहिलेला पाऊस. ते बऱ्यापैकी मृदू असते. पुण्याचे खडकवासल्याचे पाणीही त्याच जातीचे. पण त्याच पुण्यातल्या उपनगरात सोसायटीच्या हौदात बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळले की हिशेब बदलतो, आणि उन्हाळ्यात हे मिश्रण आठवड्याला वेगळे असू शकते. मराठवाडा-विदर्भातल्या खोल बोअरचे पाणी बहुधा जड निघते. उलट कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी मृदू आणि किंचित आम्ल असते. शेजारच्याच्या टाकीत जे मासे मजेत आहेत ते आपल्या टाकीत का टिकत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा दोन इमारतींच्या हौदांतल्या फरकात असते.

माशाच्या अंगात काय होते

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत राहते आणि क्षार कल्ल्यांवाटे बाहेर झिरपत राहतात. मासा भरपूर पातळ लघवी करून पाणी बाहेर टाकतो आणि कल्ल्यांतल्या पेशींकडून क्षार परत ओढून घेतो. पाण्यातले कॅल्शियम कल्ल्यांची ही गळती कमी करते. मध्य अमेरिकेतल्या जड पाण्यातून आलेल्या मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांचे शरीर या मदतीवर विसंबलेले असते. अतिमृदू पाण्यात ते एका जागी थरथरत राहतात, पंख आवळून घेतात आणि बुरशीला लवकर बळी पडतात. डास मारण्यासाठी हौदात सोडले जाणारे गप्पी मासे त्यांच्यापेक्षा चिवट, पण फार मृदू आणि आम्ल पाण्यात तेही मलूल होतात.

दुसऱ्या टोकाला ब्राझीलची रिओ निग्रो नदी. तिचे पाणी चहासारखे तपकिरी, सामू चार ते पाचच्या दरम्यान आणि क्षार जवळपास पावसाच्या पाण्याइतके कमी. कार्डिनल टेट्रा इथला. ज्या पाण्यात बहुतेक मासे क्षार गमावून मरतील तिथे तो कल्ल्यांतले क्षार धरून ठेवतो.

मग फार्मवाल्यांचा युक्तिवाद खोटा का? अर्धा खरा आहे. निऑन टेट्रा, एंजल, डिस्कस हे आज बहुतांशी फार्मवर पैदा होतात आणि मध्यम जड पाण्यात वर्षानुवर्षे जगतात. पण जगणे आणि वीण होणे यांत अंतर आहे. मृदू पाण्यातल्या माशांची अंडी जड पाण्यात नीट फळत नाहीत, म्हणून निऑनची पैदास करणारा फार्मवालासुद्धा विणीच्या टाकीत मृदू पाणीच भरतो. शिवाय रानातून पकडलेले मासे अजूनही बाजारात येतात. ओटोसिंक्लस आणि अनेक कार्डिनल त्यांतलेच. ब्राझीलमधल्या बार्सेलोस गावाची अर्थव्यवस्था अनेक दशके कार्डिनलच्या निर्यातीवर उभी होती. अशा माशांना फार्मचा नियम लावता येत नाही.

म्हणून व्यवहारातला नियम असा: टाकीचा जीएच आठ अंशांखाली असेल तर मृदू पाण्यातले मासे बिनधास्त घ्या आणि मॉली-प्लॅटी विसरा. आठ ते बारामध्ये असेल तर फार्मवर वाढलेले मृदू पाण्यातले मासे चालतील, रानातले नको. त्यापुढे असेल तर एकतर आरओचे पाणी मिसळा, नाहीतर मासेच बदला. हिशेब सोपा आहे. बारा अंशांचे एक बादली पाणी आणि आरओचे दोन बादल्या मिळून साधारण चार अंशांचे पाणी होते. मात्र हे गणित दर आठवड्याला करावे लागते आणि मुलाच्या परीक्षेच्या आठवड्यातही ते चुकवून चालत नाही. आकड्यांच्या अचूकपणापेक्षा ते न हलणे माशाला जास्त मोलाचे असते.

मृदू पाण्याचे दोन धोके

मृदू पाण्याची बाजू घेताना त्याचे दोन दोषही सांगायला हवेत. पहिला अमोनियाचा. माशांच्या उत्सर्जनातून येणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: विषारी अमोनिया आणि त्यामानाने निरुपद्रवी अमोनियम. 25 अंश सेल्सियसला सामू 8 असेल तर एकूण साठ्यातला सुमारे साडेपाच टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू 7 असेल तर जेमतेम अर्धा टक्का, आणि 6 वर त्याचाही दहावा भाग. म्हणजे आम्ल पाण्यात घाण साठली तरी मासे ठणठणीत दिसतात. त्यात सामू सहाच्या खाली गेला की अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात आणि साठा वाढत जातो. मग एखाद्या रविवारी मालक उत्साहाने अर्धी टाकी रिकामी करून बोअरचे पाणी भरतो, सामू आठाकडे उसळतो आणि तोच साठा काही मिनिटांत विष बनतो. संध्याकाळी मासे वर येऊन तोंड उघडे टाकतात आणि दोष नव्या पाण्यातल्या क्लोरीनला दिला जातो.

दुसरा धोका कार्बन डायऑक्साइडचा. झाडांचे शौकीन लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत तो सोडतात. केएच चार असताना सामू साधारण 6.6 ला आला की ही पातळी गाठली जाते. केएच एक-दोनवर असेल तर तीच मात्रा सामू सहाच्या आसपास नेते. दिवे बंद झाल्यावरही सिलिंडर चालू राहिला तर झाडे वायू घेणे थांबवतात, उलट स्वतःच ऑक्सिजन वापरू लागतात, आणि पहाटेपर्यंत रॅमसारखा नाजूक मासा पृष्ठभागाला चिकटलेला सापडतो. उपाय स्वस्त आहे: दिव्याच्या टायमरलाच सिलिंडरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह जोडा आणि रात्री पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा.

तक्त्यात नसलेला रकाना: उन्हाळा

परदेशी तक्ते वाचून मासे निवडणाऱ्यांची आपल्याकडे सर्वांत मोठी चूक तापमानात होते. तिथे हीटर लावून पाणी 24 अंशांवर आणावे लागते. इथे मे महिन्यात मुंबईच्या फ्लॅटमध्ये टाकी 30 अंशांवर जाते आणि नागपुरात त्याहूनही वर. पाणी तापले की ऑक्सिजन कमी मावतो: 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, 30 अंशांना 7.5. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते.

या एका कसोटीवर अनेक जोड्या फुटतात. निऑन 21 ते 25 अंशांत सुखी, त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल 24 ते 28 मध्ये. म्हणून आपल्या हवामानात दोघांपैकी कार्डिनलच शहाणपणाचा. थोडे पैसे जास्त पडतात, पण उन्हाळ्यात तो टिकतो. कोरीडोरास घराण्यातले पांडा आणि पेपर्ड थंडाव्याचे, तर स्टर्बाय 28 अंश सहज सोसतो. रॅम आणि डिस्कस यांना 28 ते 30 अंशच हवेत. त्या उष्णतेत अनेक नाजूक झाडे मात्र खंगतात. डिस्कस आणि निऑन दोघेही अ‍ॅमेझॉनचे, तरी एका टाकीत एकाला तरी अन्याय सोसावाच लागतो. एकाच नदीतले मासे घ्या म्हणणाऱ्यांचे उत्तर इथे अडते. नदी एक असली तरी तिचे ओढे, खोली आणि तापमान वेगळे असते.

स्वभाव, आकार, मजले

पाणी आणि तापमान जुळले की मग भांडणाचा प्रश्न. इथे पहिली कसोटी तोंडाची आहे. एंजलचे पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढे असते आणि निऑनच्या घोळक्यात शोभून दिसते. वर्षभरात त्याच्या पंखांची उंची वीतभर होते आणि एके सकाळी निऑन मोजताना दोन कमी भरतात. नदीतही एंजल लहान मासे खातो, इथे तो काही वेगळे करत नाही. एंजल हवेच असतील तर सोबत पूर्ण वाढलेले रमीनोज किंवा काँगो टेट्रा घ्यावेत, टाकी किमान 50 सेंटीमीटर उंच असावी आणि पिल्ले पाच-सहा आणून जोडी जमू द्यावी.

दुसरी कसोटी शेपटीची. टायगर बार्ब आणि सर्पे टेट्रा लांब पंख दिसले की चावे घेतात. एंजल, बेटा, गुरामी यांच्याबरोबर त्यांना ठेवू नये. ही खोडी घोळका लहान असेल तर वाढते. दहाच्या झुंडीत टायगर बार्ब आपसांतच गुंतून राहतात, तिघे असतील तर शेजाऱ्याला छळतात. टेट्रा, रासबोरा, कोरी यांचेही तसेच. प्रत्येक जातीचे दोन-दोन नमुने आणण्यापेक्षा एकाच जातीचे दहा आणावेत. तो घोळका एकत्र वळतो तेव्हा टाकीला जी शोभा येते ती सहा जातींच्या गर्दीने येत नाही. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (1954–2015) यांनी वनस्पतींच्या टाक्यांना जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली; त्यांच्या कित्येक टाक्यांत एकाच जातीचा मोठा घोळका दिसतो.

तिसरी कसोटी मजल्यांची. वरच्या थरात हॅचेटफिश किंवा हनी गुरामी, मधल्या थरात टेट्रा-रासबोरा, तळाशी कोरी किंवा कुली लोच. तळाच्या भाडेकरूंत मात्र एक वाद ठरलेला असतो. रॅमची जोडी सपाट दगडावर आणि अपिस्टोग्रामाची कपारीत अंडी घालते, त्यानंतर आठवडाभर त्या जागेभोवतीचा वीतभर परिसर तिचा. कोरीला हद्द कळत नाही. तो सोंड खुपसत तिथेच जातो, मार खातो आणि पुन्हा जातो. रात्री अंधारात तोच कोरी अंडी फस्त करतो. तीन फुटी टाकीत मधे झाडांचा आडोसा असेल तर दोघे निभावतात. दोन फुटी टाकीत दोघांपैकी एकच ठेवावा.

झाडांचे वैरी आणि फसवी नावे

प्लांटेड टँकमध्ये माशाचे झाडाशीही जमावे लागते. सिल्व्हर डॉलर आणि गोल्डफिश कोवळी पाने खातात. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न झाडे मुळासकट उपटतात. "टाकी साफ करतो" म्हणून विकला जाणारा सकर फिश बोटभर असताना शेवाळ खातो, पुढे दीड फुटापर्यंत वाढतो, पाने खरवडतो आणि सगळ्यांत जास्त घाण करतो. "बेबी शार्क" म्हणून मिळणारा पंगास मीटरभर होणारा खाण्याचा मासा आहे. शेवाळासाठी मृदू पाण्यात ओटोसिंक्लस उत्तम, पण टाकी जुनी आणि शेवाळलेली असली तरच. नव्या चकचकीत टाकीत तो उपाशी मरतो. गोगलगायींचे शंख अतिमृदू पाण्यात झिजतात. झिंग्यांत रंगीत चेरी श्रिंपला थोडे जड पाणी लागते, क्रिस्टल श्रिंपला मृदू. दोघांना एकत्र ठेवून दोघांचे हाल करू नयेत.

सजावटही तपासावी. शंख-शिंपले, पोवळे आणि संगमरवर पाण्यात विरघळून जडपणा वाढवतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत, फेसाळले तर तो दगड बाहेर. आपला काळा बेसॉल्ट चालतो, मात्र त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे पांढरे स्फटिक असतील तर तोही फेसाळतो. जंगली बदामाची वाळलेली पाने पाण्याला तपकिरी छटा देतात आणि सामू किंचित उतरवतात. त्यांनी जड पाणी मृदू होते हा समज मात्र चुकीचा आहे.

घरचे मासे

भारतीय नद्यांतही या टाकीला शोभतील असे मासे आहेत. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला हनी गुरामी सोशिक, सौम्य आणि लहान टाकीला अगदी योग्य. ब्रह्मपुत्रेचा स्कार्लेट बॅडिस पेराएवढा, पण जिवंत खाद्य मागणारा. सह्याद्रीच्या ओढ्यांत देखणे बार्ब आहेत आणि इथेच हात आखडता घ्यायला हवा. "मिस केरळ" म्हणून जगभर विकला गेलेला डेनिसन बार्ब आज आययूसीएनच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. त्याला वाहते, थंड, ऑक्सिजनने भरलेले पाणी आणि चार फुटांहून लांब टाकी लागते. गोवा आणि दक्षिण कोकणाच्या परिसरातला सेटनाय बार्बही असुरक्षित मानला जातो. ट्रेकला गेल्यावर ओढ्यातून जाळीने मासे पकडून आणणे हा छंदाचा भाग होऊ शकत नाही.

तर काय घ्यावे

या सगळ्या कसोट्या एकत्र लावल्या तर आपल्याकडच्या मृदू पाण्याच्या टाकीसाठी यादी फार लांब उरत नाही. दोन फुटी, सुमारे 60 लिटरच्या टाकीत एम्बर टेट्रा दहा-बारा, हनी गुरामीची एक जोडी आणि पिग्मी कोरी सहा. तीन फुटी, सुमारे 180 लिटरच्या टाकीत कार्डिनल पंधरा, स्टर्बाय कोरी आठ, टाकी मुरल्यावर ओटो पाच आणि सर्वांत शेवटी रॅमची एक जोडी. आशियाई थाट हवा असेल तर हार्लेक्विन रासबोरा बारा, कुली लोच सहा आणि एक नर-दोन माद्या अशा पर्ल गुरामी, सोबत क्रिप्टोकोरीनची दाट लागवड. नवी अ‍ॅक्वासॉइल पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. तेवढा काळ टाकीत फक्त झाडे असावीत. मग मासे टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक नवी तुकडी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच.

बोअरच्या जड पाण्यावर राहणाऱ्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. व्हॅलिस्नेरियाची हिरवीगार रांग, गप्पी, प्लॅटी आणि रेनबोफिश ही टाकीही तितकीच देखणी होते, आणि तिच्यासाठी आरओच्या बादल्या वाहाव्या लागत नाहीत. चुकून वाढलेला सकर किंवा पंगास मात्र तलावात सोडू नये, दुकानदाराला परत द्यावा. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून तमिळनाडू-केरळपर्यंत सकरने जे ठाण मांडले आहे, त्यामागे हौशी टाक्यांतून सुटलेले मासेही आहेत.

पुढच्या वेळी दुकानात जाताना तीन आकडे कागदावर लिहून न्या: जीएच, केएच आणि मे महिन्यातले आपल्या टाकीचे तापमान. दुकानदाराला त्यांवर काही सांगता आले नाही, तर त्या दिवशी फक्त झाडे घेऊन घरी या.